कुशीवरचा तो जुना व्रण डॉक्टरांना दाखवलात का?

पत्र (थोडं कमी करून): ताई नमस्कार. आमचे अण्णा ६८ वर्षांचे, साखर कारखान्यातून रिटायर झालेत. २०११ ला त्यांची उजवी किडनी काढली, आत कॅन्सरची गाठ होती, पण सगळी निघाली म्हणाले, केमो वगैरे काही लागलं नाही. पाच वर्षं सोनोग्राफी केल्या मग बंद केल्या. आता दोन महिने जेवण जात नाही, थकवा आहे, तर सोनोग्राफीत पॅनक्रियाजच्या (स्वादुपिंडाच्या) डोक्याकडे गाठ निघाली, सीटीत शेपटीकडे अजून एक, आणि गळ्यात थायरॉईडलाही एक आहे. सर्जन म्हणाले पॅनक्रियाजचा कॅन्सर दिसतोय, मोठं ऑपरेशन किंवा केमो. किडनीचं आम्ही सांगितलंच नाही, आई म्हणाली ते जुनं झालं, उगाच कशाला उकरायचं. चुलते म्हणतात सहा महिने आहेत, बायोप्सी करू नका, सुई लागली की पसरतो. अण्णांना काहीच सांगितलेलं नाही. मी काय करू? – एक मुलगी, सांगली जिल्हा

अगं, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस. बाकी सगळं नंतर, आधी एक काम कर. उद्याच्या उद्या सर्जनना फोन कर नाहीतर जाऊन भेट आणि सांग की आमच्या वडिलांची उजवी किडनी २०११ साली कॅन्सरसाठी काढलेली आहे. एवढंच वाक्य. सीटीत उजवी किडनी नाही हे दिसलंच असणार, पण किडनी मुतखड्याने खराब झाली म्हणूनही काढतात आणि जन्मापासूनही एखाद्याला एकच असते, त्यामुळे ती का नाहीये हे घरच्यांनी सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नसतो. आणि तुझ्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तीच ओळ, जी तुम्ही फॉर्मवर लिहिली नाहीत.

मी तीसेक वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलं, म्हणजे ऑपरेशनमध्ये निघालेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून कुठला आजार ते लिहिणारी डॉक्टर. पेशंट आम्हाला भेटत नाहीत, आमच्यापर्यंत येते ती डबी आणि डबीबरोबरचा फॉर्म. म्हणून फॉर्मवर काय लिहिलंय याला किती किंमत असते ते मला विचार. एकदा अशीच थायरॉईडची गाठ आली होती, साठीच्या बाईंची, फॉर्मवर फक्त 'थायरॉईडची गाठ' एवढंच. स्लाइडवर पेशी बघितल्या तर आतून रिकाम्या दिसणाऱ्या, शिजलेल्या साबुदाण्यासारख्या पारदर्शक, आणि त्यांच्यामधून रक्ताच्या बारीक नळ्यांचं जाळं. थायरॉईडच्याच काही गाठींमध्ये अशा पेशी दिसू शकतात म्हणून मी रिपोर्ट थायरॉईडचा दिला. तीन आठवड्यांनी त्यांचा मुलगा जुनी फाइल घेऊन आला, नऊ वर्षांपूर्वी डावी किडनी काढलेली. मी त्याच तुकड्यावर थायरोग्लोब्युलिनचा, म्हणजे थायरॉईडच्या पेशी बनवतात त्या प्रथिनाचा, स्टेन (रंगाची चाचणी) केला, थायरॉईडच्या पेशी असत्या तर रंग धरायला हवा होता, नाही धरला. किडनीचा कॅन्सर थायरॉईडमध्ये येऊन बसला होता. रिपोर्ट बदलला, त्यांची ट्रीटमेंट बदलली, पण ते तीन आठवडे मला अजून टोचतात, आणि तेव्हापासून मी प्रत्येक विचित्र स्लाइडला आधी फोन उचलून विचारायचे, यांच्या कुशीवर जुना व्रण आहे का.

आता तुझ्या मनात येईल, की किडनीचा कॅन्सर चौदा वर्षांनी कसा येईल, आणि आला तर पॅनक्रियाजमध्ये कसा. बघ, किडनीच्या कॅन्सरचे अनेक प्रकार आहेत, त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा म्हणजे क्लिअर सेल, त्या बाईंच्या स्लाइडवर होत्या तशा पारदर्शक पेशींचा, साधारण चारातले तीन पेशंट याच प्रकारचे. पसरायचा झाला तर हा बहुतेक वेळा फुप्फुसात, हाडांत, लिम्फ नोडमध्ये, लिव्हरमध्ये, मेंदूत जातो. पण जिथे इतर कॅन्सर सहसा फिरकत नाहीत अशा जागीही हा जातो. पॅनक्रियाज, थायरॉईड, पित्ताशय, नाकाच्या आतली पोकळी, जीभ, टाळूची कातडी, डोळा, लहान आतडं, अगदी दुसऱ्या बाजूची किडनीसुद्धा. नाकातून सारखं रक्त येतं म्हणून पेशंट ईएनटीकडे जातो, आत लालभडक मऊ गाठ दिसते, आणि तपासल्यावर निघते ती किडनीची. पॅनक्रियाजचं तर असं आहे की दुसरीकडून येऊन फक्त तिथेच बसलेली गाठ असली तर तिचं मूळ सगळ्यात जास्त वेळा किडनीत सापडतं.

का जातो, तर एक कारण रक्ताचं. हृदयातून निघणाऱ्या रक्तातला जवळजवळ पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो, एवढा रहदारीचा रस्ता आहे तो. क्लिअर सेल कॅन्सरमध्ये व्हीएचएल नावाचा जीन बहुतेक वेळा बिघडलेला असतो, आणि तो बिघडला की पेशीला सारखं वाटत राहतं की आपल्याला ऑक्सिजन कमी पडतोय, मग ती रक्ताच्या नव्या नळ्या मागवत सुटते. पेशीला ऑक्सिजन कमी-जास्त कसा कळतो हे ज्यांनी शोधलं त्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. तर या गाठीतून पेशी सुटतात, किडनीच्या मोठ्या शिरेतून हृदयाकडे, तिथून फुप्फुसात, आणि फुप्फुसाच्या चाळणीतून एखादी निसटली की पुढे अख्खं शरीर मोकळं. शिवाय मणक्याच्या भोवती शिरांचं एक जाळं आहे ज्याला झडपाच नसतात, बॅटसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४० मध्ये ते दाखवून दिलं, त्यात रक्त दोन्ही दिशांना जाऊ शकतं, म्हणून फुप्फुसाला वळसा घालूनही पेशी वर डोक्या-मानेपर्यंत पोचू शकते.

पण नुसतं पोचून भागत नाही, रुजायला जमीन लागते. तुम्ही शेतीवाली माणसं, तुला हे मी काय सांगणार, वाऱ्याने बी सगळीकडे उडतं पण उगवतं तिथेच जिथे माती मानवते. कॅन्सरबद्दल नेमकं हेच पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जननी १८८९ मध्ये लिहिलं होतं. आणि बी पडल्यापडल्या उगवलंच पाहिजे असंही नाही, या पेशी वर्षानुवर्षं निपचित पडून राहू शकतात. किडनी काढल्यापासून पॅनक्रियाजमध्ये गाठ दिसेपर्यंत सरासरी दहाएक वर्षं गेलेली असतात, वीस वर्षांनी दिसल्याचीही उदाहरणं आहेत. त्यामुळे 'पाच वर्षं झाली, आता सुटलो' हा जो हिशोब लोक धरतात तो किडनीच्या कॅन्सरला लागू नाही. आईला मात्र एका शब्दाने बोलू नकोस. त्या माउलीने तो आजार एकदा घरातून बाहेर घालवला होता, तो परत उंबऱ्यावर यायला नको म्हणून गप्प राहिली, यात लपवाछपवी कुठे आहे. पाच वर्षं तुम्ही न चुकता सोनोग्राफी केल्यात, पुढचं तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल तर तुम्हाला तरी कसं कळणार.

आता नीट ऐक. अण्णांची फिल्म मी बघितलेली नाही, त्यामुळे ही गाठ किडनीचीच आहे असं मी म्हणत नाही. पॅनक्रियाजचा स्वतःचा कॅन्सरही असू शकतो, न्यूरोएंडोक्राइन नावाची, हार्मोन बनवणाऱ्या पेशींची, वेगळी गाठही असू शकते, आणि गळ्यातली गाठ तर अगदी निरुपद्रवी निघू शकते कारण थायरॉईडच्या साध्या गाठी या वयात कितीतरी जणांना असतात. पण ज्या माणसाची किडनी कॅन्सरसाठी काढलीय त्याच्या पॅनक्रियाजमध्ये एक सोडून दोन गाठी दिसतात तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला गेला पाहिजे. कारण नाव बदललं की सगळंच बदलतं. पॅनक्रियाजचा स्वतःचा कॅन्सर फार वाईट असतो, चुलत्यांनी सहा महिने म्हटलं ते त्याच्याबद्दल ऐकलेलं असणार. किडनीतून आलेल्या गाठी पुष्कळदा संथ असतात, फक्त पॅनक्रियाजमध्येच असून ऑपरेशनने काढता आल्या अशा पेशंटमध्ये पाच वर्षांनी निम्म्याहून जास्त जण हयात असल्याचं बऱ्याच हॉस्पिटलांच्या अनुभवात दिसलंय. आणि पॅनक्रियाजच्या कॅन्सरला जी केमो देतात तिचा किडनीच्या या कॅन्सरवर जवळपास काही उपयोग होत नाही. म्हणजे चुकीच्या नावाने केमो चालू झाली तर अण्णा तिचा सगळा त्रास सोसतील आणि गाठ आहे तिथेच राहील. म्हणून घाई नको, पण आळसही नको.

बायोप्सीबद्दल. सुई लागली की पसरतो हे मी इतक्या घरांत ऐकलंय आणि त्यापायी लोकांनी इतके महिने घालवलेले बघितलेत की मला याचं खरंच वाईट वाटतं. सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याची शक्यता फारच थोडी असते, आणि नाव न कळता उपचार करण्याचा धोका त्याच्या कितीतरी पट मोठा. पॅनक्रियाजसाठी तोंडातून दुर्बीण घालून, तिच्या टोकाच्या सोनोग्राफीने गाठ बघत बघत आतूनच सुई घेतात, एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड म्हणतात त्याला, पोट फाडायचं काही कारण नाही. किडनीच्या गाठीत रक्त फार असतं, त्यामुळे साध्या बारीक सुईने कधीकधी नुसतं रक्तच हाती येतं आणि रिपोर्टमध्ये 'सांगता येत नाही' असं येतं, तसं झालं तर खचून जाऊ नका, जाड सुईने तुकडा घेता येईल का विचारा. आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर ती आधी सांगायची, हेही फॉर्मवर.

माझ्या खात्यातली गोष्ट म्हणून यावर जरा जास्त सांगते. २०११ ला ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजी विभागात जा आणि अण्णांचा बायोप्सी नंबर देऊन पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड मागा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला त्या गाठीचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा, त्यातून आजही नवीन स्लाइड काढता येते. चौदा वर्षांनी सगळीकडे जपून ठेवलेले असतीलच असं नाही, पण विचारल्याशिवाय परत फिरू नकोस, आणि मिळालेच नाहीत तर निदान रिपोर्टची प्रत तरी घे. जुन्या कागदावर 'हायपरनेफ्रोमा' किंवा 'ग्राविट्झ ट्यूमर' असा शब्द दिसला तर हा काही वेगळाच आजार म्हणून घाबरू नकोस, १८८३ मध्ये ग्राविट्झ नावाच्या जर्मन पॅथॉलॉजिस्टना या गाठीचा हळदीसारखा पिवळा रंग बघून वाटलं की ही किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथीतून निघालेली आहे, तो समज चुकीचा ठरला पण नाव मात्र कितीतरी वर्षं टिकलं. आता नवीन तुकडा आणि जुना ब्लॉक एकाच पॅथॉलॉजिस्टसमोर शेजारी शेजारी ठेवले गेले पाहिजेत, हा माझा हट्ट समज. पेशी किडनीच्या आहेत का ते ओळखायला पॅक्स-८ आणि सीए-नाईन असे स्टेन करतात. त्यात एक खाच आहे, पॅक्स-८ थायरॉईडच्या पेशींनाही लागतो, म्हणून गळ्यातल्या गाठीवर तेवढ्यावर विसंबायचं नाही, सोबत थायरोग्लोब्युलिन हवंच. हे तू तोंडपाठ करायची गरज नाही, फॉर्मवर 'जुना किडनी क्लिअर सेल, २०११' एवढं ठळक लिहिलं असलं की पुढचं ते करतील. अर्थात जुना रिपोर्ट क्लिअर सेलचाच आहे ना ते आधी बघ, तसं असेल तरच तसं लिही.

सीटी परत करायला सांगितला तर कंटाळू नका. या गाठी रक्ताने भरलेल्या असल्यामुळे कॉन्ट्रास्ट (फोटो स्पष्ट यावा म्हणून देतात ते औषध) शिरेत गेल्यावर अगदी सुरुवातीच्या सेकंदांत चमकतात आणि नंतर आजूबाजूच्या भागात मिसळून जातात, त्या सुरुवातीच्या फोटोला आर्टेरियल फेज म्हणतात, तो काढलाय का एवढं विचार. छातीचा सीटीही लागेल. पेट स्कॅन स्वच्छ आला म्हणून सुटलो समजू नका, क्लिअर सेल किडनी कॅन्सर पेटमध्ये पुष्कळदा दिसतच नाही. आणि अण्णांची किडनी आता एकच आहे, ती डोळ्यात तेल घालून जपायची, कॉन्ट्रास्टच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी, दुखलं-खुपलं तर मनानेच डायक्लोफेनॅक, ब्रुफेन नाही, आणि कुणी कितीही खात्रीने दिलं तरी भस्म, काढा, पुड्या नाहीत.

किडनीचीच निघाली तर पुढे काय, हे थोडक्यात सांगते कारण ते अण्णांना प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टर ठरवतील. पॅनक्रियाजच्या डोक्याकडची गाठ काढायचं ऑपरेशन खरंच मोठं असतं, अण्णांच्या तर दोन टोकांना दोन गाठी आहेत, म्हणजे जवळपास अख्खा पॅनक्रियाज काढावा लागू शकतो आणि मग जन्मभर इन्सुलिन आणि जेवणाबरोबर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल. काही जणांसाठी ते योग्यच असतं. पण गोळ्याही आहेत, सुनिटिनिब, पॅझोपॅनिब, अॅक्सिटिनिब, कॅबोझँटिनिब, या गाठीच्या रक्ताच्या नळ्यांवरच घाव घालतात, आणि पॅनक्रियाजमध्ये बसलेल्या किडनीच्या गाठी अशा गोळ्यांना चांगला प्रतिसाद देतात असं दिसलंय. इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी, इंजेक्शनं आहेत, पण एकट्या इम्युनोथेरपीचा या जागेच्या गाठींवर तेवढा जोर चालत नाही, म्हणून महागडं इंजेक्शन सुरू करायच्या आधी गोळीबरोबर द्यायचं का आणि का, हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. नेमकं रेडिएशन आहे. आणि गाठ लहान असेल, वाढत नसेल, त्रास देत नसेल तर काही पेशंटमध्ये ठराविक दिवसांनी स्कॅन करत नुसतं लक्षही ठेवतात. २०११ ला यातलं बरंचसं एकतर नवीन होतं नाहीतर नव्हतंच. गोळ्यांनी बीपी वाढतं, तळहात-तळपाय सोलतात, तोंड येतं, जुलाब होतात, थायरॉईड मंदावतो, ते आधी माहीत असलं की माणूस घाबरून मधेच गोळी सोडत नाही.

सर्जन बदल असं मी म्हणत नाही, त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर ते बोलले. पण आता मेडिकल ऑन्कोलॉजिस्टचं, म्हणजे कॅन्सरवर औषधांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं, मत हवंच, शक्यतो जिथे सर्जन, ऑन्कोलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात अशा ठिकाणी. मुंबईला टाटा मेमोरियलला जाणं जमलं तर उत्तम, प्रवास झेपत नसेल तर टाटाशी जोडलेल्या 'नव्या' या ऑनलाइन सेवेवर रिपोर्ट पाठवून मत घेता येतं. पैशाचं म्हणशील तर सुनिटिनिब, पॅझोपॅनिबच्या भारतीय कंपन्यांच्या गोळ्या मिळतात, त्या मूळ ब्रँडपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला विचार, धर्मादाय हॉस्पिटलात गरीब पेशंटसाठी राखीव खाटा असतात त्याही विचार, संकोच करू नकोस.

दरम्यान डोळे किंवा लघवी पिवळी दिसायला लागली, शी डांबरासारखी काळी झाली, पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली, फिट आली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

आणि अण्णा. त्यांना काही सांगितलेलं नाही म्हणतेस, पण ज्या माणसाने आयुष्यभर कारखान्यात नोकरी केली, एक मोठं ऑपरेशन काढलं, त्याला घरातले लोक अचानक हळू आवाजात बोलायला लागलेत हे कळत नसेल का. मला वाटतं सांगावं. सगळं एकदम नाही, आणि चुलत्यांच्या समोर तर नाहीच. संध्याकाळी दोघंच असाल तेव्हा म्हण की अण्णा, पोटात गाठ दिसलीय, ती २०११ च्या दुखण्याची आहे का ते बघायला तपासणी करायचीय, तुम्हाला त्या वेळचं काय काय आठवतं. बघ मग, ते स्वतःच उठून कपाटातून फाइल काढतील. त्या पिढीची माणसं कागद टाकत नाहीत. आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर शर्ट वर करून व्रण दाखवायचं काम त्यांचं त्यांना करू दे, त्यांच्या आजारात त्यांनाच बाहेर बसवू नका. जेवण जात नाही म्हणतेस तर जबरदस्ती नको, दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं, मऊ भात, मुगाचं वरण, अंडं खात असतील तर अंडं, आणि वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करून वहीत लिहून ठेव, डॉक्टर हमखास विचारतात.

ब्लॉक मिळाले तर ते उन्हात गाडीत ठेवू नकोस, मेण मऊ पडतं. कापसात गुंडाळून प्लास्टिकच्या डबीत, आणि घेताना दिल्याची पोच, देताना घेतल्याची पोच. जुन्या रिपोर्टवर प्रकार काय लिहिलाय तेवढं मला कळव, मी वाट बघते.